पत्राच्या शेवटी लिहिलेली ओल

प्रश्न: आम्ही चिंचवडला राहतो. सोसायटी 1994 सालची, आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर 10 फूट बाय 8 फूट, लागून छोटी ड्राय बाल्कनी. ओटा एल आकाराचा, काळ्या कडप्प्याचा, उंची 30 इंच. राहायला आलो तेव्हापासून रंग सोडला तर स्वयंपाकघराला हात लावलेला नाही. यांची एक मुदत ठेव आत्ताच सुटली, त्यातले 3 लाख या कामाला द्यायचे ठरलंय. मुलगा बंगळुरूला असतो. त्याचं म्हणणं, मधली भिंत काढून ओपन किचन करा, सगळं मॉड्युलर करा. त्याने एका दुकानातून कोटेशन मागवलं, ते 4,12,000 चं आलं. आमचा नेहमीचा सुतार म्हणतो, 1,60,000 मध्ये करून देतो, बाकीचं नंतर बघू. हे म्हणतात, नुसत्या ट्रॉल्या बसवा. सासूबाई 79 वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात काय हवं ते करा, माझ्या भिंतीवरच्या भांड्यांच्या मांडणीला हात लावू नका. घरात दीड दिवसाचा गणपती असतो, त्याच्या आधी सगळं व्हावं अशी माझी इच्छा. कोणाचं ऐकू?
ता. क. खालच्या काकू म्हणतात, त्यांच्याकडे आमच्या सिंकच्या खालच्या कोपऱ्यात छताला ओल दिसते. पावसाळाच आहे, त्यामुळे असेल.
— एक गृहिणी, चिंचवड

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ ताजा कलमात आहे. मुलगा, सुतार, यजमान, सासूबाई या सगळ्यांचं आपण ऐकू, पण आधी खालच्या काकूंचं.

दुसऱ्या मजल्याचं स्वयंपाकघर, वर अजून मजले. तुमच्या सिंकच्या बरोबर खाली, छताच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी सहसा येत नाही. यायचंच असेल तर बाहेरच्या भिंतीतून येईल, आणि पाऊस चार-पाच दिवस उघडला की डाग फिका पडायला लागेल. म्हणून उघडीप मिळाली की काकूंकडे जाऊन डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून या. आठवड्याने पुन्हा बघा. पाऊस नसतानाही डाग रेघेबाहेर सरकला तर पाणी तुमचं. मग दुसरी परीक्षा: दोन-तीन दिवस सिंक अजिबात वापरू नका, भांडी बाल्कनीत घासा. नळाच्या पाइपात पाणी सतत दाबाने उभं असतं, त्यामुळे तो गळत असेल तर सिंक वापरा की न वापरा, ओल तशीच राहील. सांडपाण्याचा पाइप किंवा खालचा नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा) गळत असेल तर वापर थांबला की ओल ओसरेल. एवढं कळलं की प्लंबर सगळी जमीन खणायच्या गोष्टी करणार नाही.

1994 च्या इमारतीत भिंतीआड बहुतेक जीआयचे, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे पाइप असतात. ते आतून गंजतात. तुमच्या नळाची धार गेल्या काही वर्षांत बारीक झाली असेल आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस येत असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. अशा पाइपांवर नव्या टाइल्स लावून त्यापुढे साडेतीन लाखांची कपाटं उभी करायची आणि दोन वर्षांनी सिंकखालचं कपाट उखडून पुन्हा भिंत फोडायची, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कोणी शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा, रंग विचारला की आधी पाइपाचं वय विचारते.

आता गणपतीचं. तुमचं पत्र आषाढात आलं. सोसायटीची परवानगी, सामान आणणं, तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ओटा, सुतारकाम या सगळ्याला अडथळा न येता पाच-सहा आठवडे लागतात, आणि अडथळा येतोच. शिवाय गणपतीच्या आधी काम संपवून हवं असलेल्या तुम्ही एकट्या नाही. प्रत्येक सुतार या दिवसांत चार घरांत एकेक दिवस तोंड दाखवून जातो. ओल्या हवेत प्लास्टर वाळत नाही, भिंत ओली असताना कपाटं ठोकली की बुरशी धरते. अर्धवट ओट्यावर एकवीस मोदक वळायची वेळ स्वतःवर आणू नका. यंदाचा गणपती जुन्या कडप्प्यावरच करा. पावसाळ्यात ओल शोधा आणि याद्या करा. दिवाळी झाली, गावी गेलेले कारागीर परतले, की कामाला हात घाला. तेव्हा भिंती कोरड्या असतात आणि माणसंही हाताशी असतात.

दोन कोटेशनांची तुलना करताय, पण ती एकाच कामाची नाहीत. दुकानाच्या 4,12,000 मध्ये काय काय आहे ते ओळीने विचारा. मला खात्री आहे की त्यात कपाटं, ट्रॉल्या आणि शटर असतील. जुना ओटा तोडणं, राडारोडा उचलणं, पाइप, वायरिंग, टाइल्स आणि कदाचित ग्रॅनाइटही नसेल. तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं असलं तर 18 टक्क्यांनी 74,160 रुपये आणखी धरा. आणि सुताराचे 1,60,000 सामानासकट की नुसती मजुरी? ‘बाकीचं नंतर बघू’ हे वाक्य मी माझ्या घरी दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा ‘बाकीचं’ हे ‘आत्ताच्या’पेक्षा जास्त निघालं.

मापाचंही बघून घ्या. ‘रनिंग फुटाला अमुक भाव’ म्हणतात, पण फूट कुठून मोजायचा हे कोणी बोलत नाही. तुमचा ओटा एका भिंतीला 8 फूट, दुसऱ्या भिंतीला 6 फूट आणि रुंदी 2 फूट असेल, तर भिंतीच्या बाजूने मोजल्यावर 14 फूट होतात. पुढच्या कडेने, जिथे शटर बसणार तिथून मोजलं, तर 10. कोपरा दोनदा मोजला जातो ना! फुटाला 4,000 चा भाव असेल तर एवढ्याशा गोष्टीत 16,000 रुपये इकडचे तिकडे होतात. ग्रॅनाइट मात्र चौरस फुटावर घ्यायचा: 8 गुणिले 2 आणि उरलेले 4 गुणिले 2, मिळून 24 चौरस फूट. त्यावर कापणीची घट, कडेची गोलाई आणि सिंकचं भोक कापायची मजुरी वेगळी लावतात, ती आधी विचारा.

माझं मत विचाराल तर तुम्ही पूर्ण मॉड्युलरच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे, तिला दुकानवाले नाक मुरडतात. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या बांधून घ्यायच्या, त्यांच्या मधल्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या आणि पुढे चौकट करून शटर लावायची. कडप्पा पाण्याने फुगत नाही आणि वाळवी त्याला खात नाही. प्लायची आख्खी कपाटं वाचतात. उद्या शटरचा कंटाळा आला तर फक्त शटर बदला. एकच पथ्य: ट्रॉलीच्या टोपल्या ठरावीक मापात येतात, साधारण 15, 17, 19, 21 इंच रुंदीच्या. म्हणून आधी दुकानात जाऊन टोपल्या ठरवा आणि खणाचं माप चॅनेलसकट (टोपली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) लिहून आणून गवंड्याच्या हातात द्या. गवंडी ‘अंदाजाने’ खण पाडतो आणि मग 17 इंचाच्या खणात 15 ची टोपली हलत बसते. स्टील 304 ग्रेडचं घ्या. 202 चं स्वस्त असतं, पण मिठाच्या आणि चिंचेच्या सहवासात लवकर डागाळतं.

टोपल्या ठरवायच्या आधी घरातली सगळी भांडी एकदा खाली काढा. गंमत वाटेल, पण एक दुपार घालवा. सगळ्यात उंच डबा किती इंच? मोठी परात किती रुंद? ती ट्रॉलीत मावत नाही, तिला सिंकजवळ उभी फट लागते. वर्षाचे गहू आणि तांदूळ भरता का? मग कोठ्यांना जागा ट्रॉलीत नाही, बाल्कनीत किंवा माळ्यावर काढावी लागेल. कॅटलॉगमध्ये बाटल्यांसाठी सुंदर अरुंद पुल-आउट दाखवतात. तुमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा कॅन येतो की पाऊण लिटरच्या बाटल्या, हे तुम्हालाच माहीत.

ओट्याच्या उंचीबद्दल तुम्ही पत्रात काही विचारलं नाहीत, पण 30 इंच वाचून माझीच पाठ दुखली. ओटा एकदा बांधला की पुन्हा उचलता येत नाही, म्हणून हे नीट करा. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा, जमिनीपासून कोपर मोजा आणि त्यातून 4-5 इंच वजा करा. सव्वापाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला हे 34 इंचांच्या जवळ येतं. पण पोळ्या लाटायला याहून थोडी खालची जागा बरी पडते, कारण लाटण्यावर वरून जोर द्यावा लागतो. तेव्हा आकड्यावर विसंबू नका. जेवणाच्या टेबलावर फळी आणि रद्दीचे गठ्ठे रचून 33, 34, 35 अशा तिन्ही उंचींवर पाच-पाच पोळ्या लाटून बघा. शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर तिची उंची वर चढते, त्यावरच्या कुकरात डोकावता आलं पाहिजे. आणि माप नव्या फरशीपासून घ्या. जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवली तर इंचभर उंची तिथेच खाल्ली जाते. सासूबाई अजून सकाळचा चहा करतात का? मग त्यांनाही एकदा फळीसमोर उभं करा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. त्या काळच्या स्वयंपाकघरात मिक्सर आणि फ्रिज एवढाच भार धरलेला असायचा. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढते. ती 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवायची नाही. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह यांना 16 अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट द्या, जाड तांब्याच्या वायरवर आणि स्वतंत्र एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणाऱ्या स्विचवर. अर्थिंग तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर आत्ताच लावून घ्या. ओल्या हातांनी वावरायची खोली आहे ती. सॉकेट सिंकच्या आणि शेगडीच्या डोक्यावर नको. पाण्याच्या फिल्टरला, चिमणीला आणि फ्रिजला पॉइंट कुठे, हे भिंतीवर खडूने लिहून वायरमनला दाखवा.

पाइप आणि वायरी बसल्या की टाइल्स लावायच्या आधी भिंतीला मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. पुढे मांडणीसाठी भोक पाडताना ड्रिल पाइपात जाणार नाही. पाइपांची तोंडं बंद करून दाब देऊन एक रात्र ठेवा. जमिनीचं वॉटरप्रूफिंग झालं की दाराला सिमेंटचा छोटा बांध घालून दोन दिवस पाणी कोंडा, आणि खाली काकूंकडे चहाला जा.

ओपन किचनला माझा नकार. मधल्या भिंतीत तुळई आहे की खांब, हे मुलगा बंगळुरूहून सांगू शकणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि सोसायटीची लेखी परवानगी याशिवाय भिंतीला हातोडा लावायचा नाही. हे सगळं मिळालं तरी मिरचीच्या फोडणीचा ठसका हॉलमधल्या सोफ्यापर्यंत रोज जाणार. मुलगा वर्षातून दोनदा येतो, ठसका रोज येईल. त्याला प्रकाश हवा असेल तर भिंतीत खिडकीएवढी काच बसवता येते का ते इंजिनिअरलाच विचारा.

गॅसबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. सिलिंडर असेल तर ओट्याखालच्या त्याच्या खणाच्या शटरला तळाशी जाळी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, त्याला वरून वाट लागते. सोसायटीत पाइपलाइन येणार असेल तर ती कुठल्या भिंतीने येणार ते आधी विचारून ती जागा मोकळी ठेवा. आणि मीटर किंवा जोडणी हलवायची असेल तर कंपनीच्याच माणसाकडून, प्लंबरकडून नाही.

आता तुमचे 3 लाख. त्यातले 35,000 आधी वेगळ्या खात्यात टाका आणि ते नाहीतच असं समजा. जुनं घर फोडल्यावर काहीतरी निघतंच, ते त्यासाठी. उरले 2,65,000. तोडफोड आणि राडारोडा 15,000. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग 35,000. वायरिंग 25,000. ग्रॅनाइटचा ओटा आणि खालचा कडप्पा 30,000. भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स मजुरीसकट 35,000. इथे 1,40,000 झाले आणि अजून दाखवण्यासारखं काहीच झालेलं नाही. यजमान नेमके याच टप्प्यावर वैतागतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. राहिलेल्या 1,25,000 मध्ये ट्रॉल्या, चौकटी आणि शटर 90,000, चिमणी 15,000, सिंक आणि नळ 10,000, रंग 10,000. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्याकडचे भाव घेऊन बदला. क्रम मात्र बदलू नका. पैसे कमी पडले तर खालून कापायचं, वरून नाही. शटर वर्षभराने लावली तरी चालतील, तोवर पडदा लावा. आपल्या आयांनी आयुष्यभर ओट्याखाली पडदेच लावले. वरची कपाटं मी धरलीच नाहीत. ती पुढच्या वर्षी, जागा खरंच कमी पडली तर.

एक खर्च सगळे विसरतात. 25 दिवस स्वयंपाकघर बंद म्हणजे तीन माणसांचे दोन वेळचे 150 डबे. डबा 80 रुपयांचा धरला तरी 12,000. हा खर्च घरखर्चातून जाईल असं म्हणू नका, कागदावर लिहा. बाल्कनीत इंडक्शन आणि एक बादली ठेवून वरण-भात जमला तर निम्मे वाचतील. सोसायटी अनामत रक्कम मागेल, ती परत मिळते, पण तेवढे दिवस पैसे अडकतात. दुपारी ठोकाठोक बंद ठेवायचा नियम असेल तर सुताराला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो तेवढ्यासाठी दिवस वाढवून मागेल.

प्लाय चौकटी आणि शटरपुरताच लागेल. तिथे आयएस 303 चा शिक्का आणि त्यासोबत बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारी, ग्रेड लिहिलेली बघा. सिंकखालच्या शटरला आयएस 710 चा, ज्याला मरीन म्हणतात तो. सनमायका चिकटवल्यावर शिक्का दिसत नाही, म्हणून माल उतरतो त्या दिवशी घरी थांबा आणि प्रत्येक ताव उलटून बघा. सुतार हसेल, हसू द्या.

शेगडी किंवा हॉब (ओट्यात भोक पाडून बसवायची शेगडी), सिंक आणि चिमणी आधी विकत घ्या, घरात आणून ठेवा आणि मगच ग्रॅनाइट कापायला द्या. मी स्वतः इथे ठेच खाल्ली आहे. दुकानदाराने हॉबच्या मापाचा कागद पाठवला, मी तोच ग्रॅनाइटवाल्याला दिला. हॉब आला तो दुसऱ्या मॉडेलचा, भोकात चक्क खाली जाणारा. ओटा पुन्हा करण्यापेक्षा मोठा हॉब घेतला. चार बर्नरचा, आणि आम्ही घरात दोघं! चिमणीला मोठ्या व्यासाचा पाइप आणि कमीत कमी वळणं द्या, तीन बर्नरपर्यंत 60 सेंटीमीटरची पुरते. उंचीचं माप तिच्या पुस्तिकेतलं पाळा.

सुताराला पैसे टप्प्याने. सामान तुम्ही बिलाने घ्या, त्याला मजुरी द्या. सुरुवातीला थोडी उचल, ट्रॉल्या सरकायला लागल्या की पुढचा हप्ता आणि शेवटचा दहावा हिस्सा पंधरा दिवस वापरून झाल्यावर. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून त्याचं ‘ओके’ घ्या. ‘नंतर बघू’ असं लिहून पाठवलं तर तिथेच विचारा, नंतर म्हणजे काय आणि किती.

राहिल्या सासूबाई. मांडणीच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. उघडी असल्याने ताटं-वाट्या वाऱ्यावर सुकतात, झुरळांना लपायला अंधार मिळत नाही आणि कप कुठे आहे हे दार न उघडता दिसतं. बंद कपाटात ओली भांडी ठेवून वास घालवायची औषधं आणणारी घरं मी बघितली आहेत. मांडणी उतरवून घासून घ्या, वाकलेल्या कांबी सरळ करून घ्या आणि सिंकच्या उजव्या भिंतीवर, सासूबाईंचा हात पोचेल अशा उंचीला पुन्हा लावा. त्या भिंतीचा पाइपाचा फोटो मोबाइलमध्ये असेलच. भोकं पाडायच्या आधी तो उघडा.